एस्तेरचा पंखवाला वाघ

एस्तेर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडशाला धाकट्या बहिणीकडे होते. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. दारासमोरून भोंगा लावलेली गाडी नाटकाची जाहिरात करत चाललेली, आणि इकडे फोनवर तिचा भाचा डॅनियल काहीतरी सांगतोय. मी ओरडले, "अरे, जोरात बोल ना!" मग त्या बिचाऱ्याला ती बातमी ओरडून सांगावी लागली. "मावशी गेली वो, शालूमावशी... सकाळी चहा मांगतला, आन् चहा आणेपर्यंत गेली." मी तशीच अंगणातल्या बाजेवर बसले. रडू आलं नाही. रडू यायच्या आतच त्याचं पुढचं वाक्य आलं, "उद्याची प्रार्थना नव्या शेडमधी आहे. जुनं चर्च नाई खोलत म्हणतात." तेव्हा माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आज इतके आठवडे झाले तरी उतरलेली नाही. मेलेल्या माणसाबद्दल शांतपणे, गोड गोड लिहावं म्हणतात. एस्तेरबद्दल तसं लिहिलं तर ती उठून बसेल आणि लाल पेन मागेल.

आम्ही एकाच शाळेत नोकरी केली. ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. लग्न तिने केलं नाही आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. नेसायची पांढरं सुती लुगडं, बारा महिने. चित्रकलेची बाई आणि पांढरं? मी एकदा म्हटलं तर म्हणाली, "रंग तर लागतेच वं कपड्याले. मंग अगोदरच रंगीत कायले घ्याचं?" शनिवारपर्यंत तिच्या पदरावर साऱ्या वर्गाचे रंग असायचे. एकदा मधल्या सुट्टीत आमच्या एका सहकाऱ्याने तिला सहज विचारलं, "बाई, तुमचं ते इंग्रजांचं चर्च आतून कसं आहे हो?" तिने डब्याचं झाकण लावलं. "इंग्रजाचं काय आहे त्याच्यात? नकाशा आणला त्यानं. दगड इथल्या खाणीतला, सागवान अल्लापल्लीचं, छपराचे कवेलू आपल्या कुंभाराचे, आन् हात तर सारे इथलेच. नकाशा काढला म्हणून घर आपलं होत असन, तर माया वर्गातले सारे पोट्टे बंगलेवाले झाले!" गुरुजी आपल्या डब्याकडे वळले. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं, हिच्याशी दोस्ती करायची. पुढच्या रविवारी ती मला हाताला धरून घेऊन गेली.

गावाबाहेर, धानाच्या बांध्या संपतात आणि झुडपी जंगल लागतं तिथे ते चर्च उभं आहे. गाव त्याला मोठं चर्च म्हणतं. एस्तेर मात्र ठासून 'कॅथीड्रल' म्हणायची. आता जिथे बिशपची खुर्ची असते ते कॅथीड्रल, आणि आमच्या गावाला कुठला आलाय बिशप! पण फार पूर्वी एक बिशप दौऱ्यावर आले आणि वैनगंगेच्या पुराने रस्ते बंद झाल्यामुळे पावसाळाभर इथेच अडकून पडले. त्यांना बसायला गावच्या सुताराने सागवानाची मोठी खुर्ची केली. बिशप गेले, खुर्ची राहिली. "खुर्ची आहे ना? मंग कॅथीड्रल आहे," एस्तेर म्हणायची. "बिशपचं काय, थे येतात आन् जातात."

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर गारवा. बाहेर आमच्याकडचा वैशाख, डांबर वितळवणारा, आणि आत माठातल्या पाण्यासारखं थंड. हातभर नव्हे, माणूस आडवा झोपेल इतक्या जाड भिंती. टोकदार कमानी, नमस्कारासाठी हात जोडावेत तशा वर जाऊन मिटलेल्या. छत पाहायला मान पार मागे टाकावी लागते. सागवानाच्या तुळया अशा बसवल्यात की वर एक मोठी डोंगी, नदीतली लाकडी नाव, पालथी घातली आहे असं वाटतं. पंखे ओढायच्या दोऱ्यांचे लोखंडी कडी अजून तशीच. भिंतींत साहेबांच्या नावाच्या पाट्या, बहुतेक कोवळ्या वयाचे, तापाने गेलेले. रंगीत काचांची एक खिडकी आहे. तिची हिरवी काच कधी तरी फुटली, तिथे कुणीतरी सोड्याच्या बाटलीचा तुकडा इतका बेमालूम बसवला आहे की एस्तेरने दाखवेपर्यंत मला कळलं नाही. आणि दाराशी, आत शिरताना उजव्या हाताच्या खांबावर, छातीच्या उंचीवर... वाघ.

हा वाघ म्हणजे एस्तेरचा जीव. चर्च संत मार्कच्या नावाचं, आणि त्या संताची खूण म्हणजे पंख असलेला सिंह. विलायतेहून नकाशाबरोबर सिंहाचं चित्र आलं. इथल्या पाथरवटाने उभ्या जन्मात सिंह पाहिलेला नाही. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याच्या मनाने घेतलं की साहेबाचं चुकलंय. मानेवर हे एवढे केस कुठल्या वाघाला असतात? साहेब नवीन आहे, वाघ दुरून पाहिला असेल, अंधार असेल. बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून पाथरवटाने चित्र दुरुस्त केलं! आयाळ काढून टाकली, दगडात एकेक पट्टा कोरला, मिशा कोरल्या. पंख तेवढे ठेवले. देवाचा वाघ आहे, असतील बापा पंख. साहेबाने ते पाहून काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही. ही सारी गोष्टही एस्तेरच्या आजीने सांगितलेली, आजीला तिच्या आजीने. खरी किती, खोटी किती, मला ठाऊक नाही. वाघ मात्र खांबावर आहे. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या नाकाला हात लावतो, त्यामुळे नाक घासून गुळगुळीत झालंय. एस्तेर निघताना त्याचं नाक चिमटीत धरायची, लहान पोराचं धरावं तसं. "येतो रे," म्हणायची.

आणि भुतं! जुनं चर्च म्हटलं की भुतं आलीच. आमच्या चर्चात एक मडम आहे. तिचा नवरा जंगलखात्यातला साहेब, दौऱ्यावर गेला तो परत आलाच नाही. ती रोज संध्याकाळी येऊन पायपेटी वाजवत त्याची वाट पाहायची, अजूनही वाजवते म्हणतात. दुसरा घोड्यावरचा बिनमुंडक्याचा साहेब. असला एक साहेब प्रत्येक तालुक्याला सरकारने वाटून दिलाय की काय कोण जाणे. साहेबावर एस्तेरचा काडीचा विश्वास नव्हता. मडमबद्दल मात्र ती कुणाला वेडंवाकडं बोलू द्यायची नाही. "बिचारी एकटी बाई. मानूस गेला, देश दूर. पेटी वाजवत बसली तर कोणाचं काय घेते?" रोज दिवेलागणीला ती स्वतः तिथे जाऊन बसायची. दार सताड उघडं, मागून दुसरा बाक. प्रार्थना करायची, कधी नुसतीच बसायची, कधी त्या कमानी कागदावर उतरवायची. मी विचारलं होतं, "एकटी बसतेस, भीती नाही वाटत?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चौथीतली ढ पोरगी. "शालू, आपल्याकडं मोहफुलं वेचता वेचता बायाइले वाघ उचलून नेऊन राह्यला, आन् मी भुताले भेऊ? वाघ असतानी भुताले काऊन भ्याचं?"

खरा उपद्रव भुतांनी केलाच नाही, मोबाइलवाल्यांनी केला. एके संध्याकाळी गावाला अनोळखी असे चार पोट्टे आले आणि खिडकीतून त्यांनी चित्रण केलं. आत अंधुक उजेड, बाकावर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई. ती हळूच मान वळवते... आणि चित्रण संपतं. मागे कुत्र्यांचं रडणं वगैरे त्यांनी पदरचं घातलं. 'विदर्भातलं सगळ्यात भयानक चर्च' म्हणून ते घरोघरी पोचलं. माझ्या सुनेने मला दाखवलं तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. तशीच उठून एस्तेरकडे गेले. तिने चष्मा लावून पाहिलं, पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा पाहिलं. "पदर बरा दिसून राह्यला नाई?" एवढंच बोलली.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. दूरदूरचे लोक भूत पाहायला येऊ लागले. काचांवर दगड मारले, पायपेटीच्या पट्ट्या उपटून नेल्या. आणि चर्चच्या पंचांना आयतं निमित्त सापडलं. त्यांच्या मनात ते केव्हाचं होतं. जुनं पाडायचं, सपाट छताचा हॉल बांधायचा, रस्त्याच्या बाजूने दुकानं काढायची. दाराला कुलूप लागलं, बाजूला पत्र्याची शेड आली. सभा भरली तेव्हा एस्तेर मला मुद्दाम घेऊन गेली. मी त्यांची कुणी नव्हे, पण मला जा म्हणायची कुणाची टाप नव्हती. सेक्रेटरी उभे राहिले. माणूस वाईट नाही, नव्याची हौस फार. "बाई, भिंतीले तडे गेले. लोक भितात. लेकरं नाई येत. आन् थो वाघ! बाहेरचे पाहुणे येतात, हासतात. चर्चात देवीचं वाहन काऊन म्हणतात. आपला नाई थो वाघ."

एस्तेर उभी राहिली. गुडघे दुखायचे तिचे, तरी उभी राहिली. "वाघ इथलाच आहे भाऊ. सिंहच पाहुणा होता." "मले लहानपणापासून लोक विचारून राह्यले, तू कुठची? मी म्हणतो, इथचीच. थे म्हणतात, तसं नाई, खरं सांग. जल्मभर मी हेच सांगत आली. त्या वाघाच्या आंगावर पट्टे आहेत, म्हणून मले सांगाले बळ येते. तडे जातात, तर तडे बुजवा. तुमच्या आंगाले सुरकुत्या पडल्या, पाडाचं का तुमाले?" लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा बहुतेक हात हॉलच्या बाजूने वर गेले. टाळ्या वाजवायला काय जातं! घरी येताना ती फाटकापाशी थांबून म्हणाली, "मी मेली ना शालू, तर खरंच भूत होऊन बसीन तिथी. मंग पाडा म्हणा, पाहू."

त्यानंतर कुलूप असलं तरी ती रोज संध्याकाळी जायची, बंद दाराच्या पायरीवर बसायची. नाकावर टिच्चून. थंडी सुरू झाली आणि तिला धाप लागू लागली. मी वडशाला निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले तर उशीला टेकून बसली होती, मांडीवर कोरा कागद. बोलताना दम लागत होता, पण हुकूम सोडायची सवय कुठे जाते? "शालू, मी गेली का माई पेटी त्याच दारातून नेजो. वाघाजवळून. शेडमधी ठेवली तर तुया माथ्यावर पाप." मी म्हटलं, "मरायच्या गोष्टी नको करू. नाटक पाहून येते, मग भांडू." ती म्हणाली, "ये मंग"... आणि कागदाकडे वळली. तेच शेवटचं.

म्हणून म्हटलं, डॅनियलचं ते शेडचं वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पहिली गाडी धरून मी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घरातून निघाली. मागे अर्धं गाव, तिच्या हाताखालून गेलेली पोरं, आता स्वतःच बापे झालेली. फाटकाशी लोक शेडकडे वळू लागले आणि मी आडवी उभी राहिले. सेक्रेटरींना म्हटलं, "कुलूप उघडता की इथेच बोंब मारू?" ते म्हणाले, "बाई, इमारत धोक्याची आहे. वरून काही पडलं तर?" मी म्हटलं, "तिच्यावर आता काय पडणार आहे? आणि माझ्यावर पडलं तर तुमची एक कटकट कमी होईल." डॅनियल आणि बाकीच्यांनी पेटी खांद्यावर घेतली होती, ते कुणी हललेच नाहीत. ओझं खांद्यावर घेऊन माणसं उभी असली की वाद फार वेळ चालत नाही. सेक्रेटरींनी खिशातून किल्ली काढली. इतके दिवस ती खिशातच होती म्हणजे!

पेटी आत गेली. वाघाजवळ येताच पुढे असलेल्या डॅनियलने खांदा न हलवता एक हात लांबवला आणि त्याच्या नाकाला लावला. मागच्यानेही लावला. मग सगळ्यांनीच. प्रार्थना झाली, गाणी झाली, त्या पालथ्या डोंगीखाली आवाज असा घुमला की मला तिथे पहिल्यांदा रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. छतातून चिमूटभर मातीसुद्धा पडली नाही. बाहेर पडताना कुलूप दाराच्या कडीला लटकत होतं. मी ते काढून पिशवीत टाकलं आणि घरी घेऊन आले. अजून माझ्याकडेच आहे. ज्याला हवं असेल त्याने मागायला यावं.

कुलूप मागायला कुणी आलं नाही, ठेकेदाराची माणसं मात्र आली. तिची माती होऊन फार दिवसही झाले नव्हते. डॅनियलचा निरोप आला तशी मी पायात चपला सरकवून धावले. मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावांमधली दहाएक माणसं, लोखंडी सब्बल-घण घेऊन. ठेकेदाराचा माणूस सांगत होता, आधी दाराचं सागवान सोडवा, मग खांब. त्यांचा म्होरक्या चैतू म्हणून एक पिकल्या केसांचा माणूस. तो दारातून आत आला आणि खांबापाशी थबकला. बराच वेळ पाहत राहिला. पट्टे, मिशा, पंख, घासलेलं नाक. मग मला विचारलं, "बाई, हा कोणाचा?" मी भांडायच्या तयारीनेच आले होते, पण त्याच्या विचारण्यात असं काही होतं की मी सरळ उत्तर दिलं. "इथलाच आहे. लोक पाया पडतात त्याच्या." चैतूने सब्बल भिंतीला टेकवली, चपला काढल्या, बाहेर जाऊन पळसाचं पान तोडून आणलं. शिदोरीच्या गाठोड्यातून चिमूटभर तांदूळ घेतले, पानावर ठेवले आणि पान वाघापुढे जमिनीवर. हात जोडले. बाकीचे त्याच्यामागे. त्यांच्या गावांच्या शिवेवर वाघदेव असतो, जंगलात शिरण्याआधी त्याला असंच दिल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकत नाही.

ठेकेदाराचा माणूस ओरडला, "अरे, दगड आहे तो! ठोक!" चैतू शांतपणे म्हणाला, "आमच्यानं नाई होणार साहेब. आमाले जंगलात जा लागते. मोहाले, तेंदूपत्त्याले. याच्या आंगावर सब्बल मारून कोन्या तोंडानं जाव? तुमाले नाई जा लागत. तुमी मारा." आणि त्याने सब्बल त्या माणसापुढे धरली. त्या माणसाने सब्बलीकडे पाहिलं, वाघाकडे पाहिलं, मग मोबाइल काढून उगाच कुणाला तरी फोन लावत बाहेर गेला. माणसं गाडीत बसून परत गेली. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला एकाच गोष्टीचा राग येत होता, की हे पाहायला एस्तेर नाही. त्या पाथरवटाने साहेबाचं चित्र खरंखुरं उतरवलं असतं, जसंच्या तसं, तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे मोकळं आकाश दिसलं असतं.

चर्च वाचलं असं मी म्हणत नाही. सेक्रेटरी म्हणतात, नागपूरहून मशीन आणू, मशीनच्या ड्रायव्हरला कुठे जंगलात जायचंय? आणा. डॅनियल आणि तिची जुनी पोरं तडे बुजवायला गवंडी घेऊन आली आहेत, पंचांना न विचारता. पंच रोज येऊन पाहून जातात, पण काम अडवत नाहीत.

तिच्या ट्रंकेतलं एक लुगडं डॅनियलने मला दिलं. पदराला निळ्या रंगाचा डाग आहे, धुऊनही न गेलेला. ते मी नेसले तेव्हा माझी सून घाबरली. "अवो आई, बाबा चांगले धडधाकट बसले आहेत, आन् तुमी पांढरं नेसता? लोक काय म्हणतीन?" ओट्यावरून आमचे हे म्हणाले, "नेसू दे. मी काई मरत नाई तेवढ्यानं." एवढ्या वर्षांत त्या माणसाने बोललेलं सर्वांत शहाणं वाक्य. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी जाते. दार सताड उघडं, मागून दुसरा बाक. मला त्यांच्या प्रार्थना येत नाहीत. मी नुसती बसते.

काल रस्त्यावर मोटारसायकल थांबली. खिडकीशी कुजबुज ऐकू आली. "काऊन बे, थे म्हातारी मेली म्हणे ना?" "मेली ना! मातीले होतो मी." "मंग हे कोन बसून आहे?" मोबाइलचा उजेड काचेवर पडला. मी पदर नीट केला, निळा डाग पुढे येईल असा, आणि हळूच मान वळवली.